मंजूर, भरलेली, रिक्त

(नवी मुंबईच्या पालिका शाळांतल्या शिक्षकपदांवरून एक हिशेबनीस आणि शाळेतल्या एक बाई यांच्यातला हा वाद.)

हिशेबनीस : बाई, पैशाचं रडगाणं नवी मुंबईने गाऊ नये, हे मी आधीच मान्य करतो. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 5,700 कोटींच्या वर होतं. राज्यातल्या कित्येक महापालिका जीएसटी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात, तेव्हा कुठे त्यांचे पगार होतात. आपल्यावर ती वेळ नाही. तरीही शाळांमधल्या माणसांचा हिशेब कडक ठेवावा असं मी म्हणतो, कारण रस्त्याचं बिल एकदा निघतं आणि संपतं. शिक्षकाचं पद भरलं की पुढच्या तीस वर्षांचं देणं अंगावर येतं. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी 29,200 पासून 92,300 पर्यंत, वर महागाई भत्ता, घरभाडं. शिवाय आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवा, ही सरकारची अट महापालिकांच्या मानेवर आहेच. ती रेघ ओलांडली की मंत्रालयात नवी पदं मागायला तोंड राहत नाही. तेव्हा मुलं नाहीत तिथला शिक्षक मुलं आहेत तिथे न्यायचा आणि तोवर कायम भरतीला हात आखडता घ्यायचा. याला कपात का म्हणायचं?

बाई : वर्गात बसलेल्या पोराला ती कपातच दिसते म्हणून. साहेब, कोपरखैरणेचं उदाहरण घ्या. पालिकेने स्वतःची सीबीएसई शाळा काढली. चांगलं केलं. रिक्षावाले, माथाडी, घरकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांनी तिथे मुलं घातली. आणि मग त्याच पालकांना शिक्षक द्या म्हणून आंदोलनं करावी लागली. तिथे पटसंख्या कमी नव्हती. इमारत होती, बाकं होती, पालिकेच्या तिजोरीत पैसे होते. शिक्षक तेवढे पुरेसे नव्हते. आता मला सांगा, ही कपात कुठल्या सभेत ठरली? ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोधात हात कुणी वर केला? काहीच सापडणार नाही. परदेशात एखाद्या गावाचं स्कूल बोर्ड शिक्षक कमी करायचं ठरवतं, तेव्हा निदान सभा होते, पालक येऊन आरडाओरडा करतात, सभासदांची नावं पेपरात येतात. आपल्याकडे पद रद्द करायची गरजच पडत नाही. ते नुसतं भरायचं नाही. बाई निवृत्त होतात, निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ मिळतं, आणि सोमवारी त्यांचा वर्ग शेजारच्या वर्गात बसवतात. शाल देणाऱ्यालाही वाटत नाही की आपण काही कमी केलं.

हिशेबनीस : परदेशातल्या बोर्डाचं कौतुक करायच्या आधी आपल्याकडची मंडळं आठवा. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने आपल्याला शिक्षण मंडळं दिली. नवी मुंबईतही मंडळ होतं, सभापती होते, त्यांना गाडी होती. 2013 नंतर राज्यभर ही मंडळं एकेक करून मोडीत निघाली. तेव्हा कुणी रस्त्यावर उतरलं का? नाही. कारण मंडळ म्हटलं की लोकांना गणवेश आणि रेनकोटच्या खरेदीचे वाद आठवायचे. कुठल्या शाळेत गणिताला माणूस नाही, यावर रात्री अकरापर्यंत सभा चालल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बदल्यांसाठी चिठ्ठ्या मात्र चालायच्या. दिघ्याला नेमणूक झालेली बाई महिन्याभरात नेरुळला कशी येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या जागी आज संचमान्यता आहे. मुलं किती ते यू-डायसच्या सरकारी नोंदणीत भरा, सूत्र शिक्षकांची किती पदं मंजूर ते सांगेल. सूत्राला मेहुणा नसतो, बाई.

बाई : सूत्राला मेहुणा नसतो, हे खरं. डोळेही नसतात. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची बघा. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा. आता पट साठ असलेली शाळा डोळ्यांसमोर आणा. वर्ग पाच, शिक्षक दोन. एक बाई पहिली-दुसरी धरते, दुसरी तिसरी-चौथी-पाचवी. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला हात धरून शिकवायचं आणि त्याच तासाला दुसरीला हातच्याची बेरीज. त्यातली एक बाई मतदारयादीच्या कामावर गेली, की एकीवर पाच वर्ग. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम शिक्षकाला देता येतं, असं तोच कायदा कलम 27 मध्ये सांगतो. पण कामाला गेलेली बाई सूत्रात हजरच धरलेली असते. आणि जनगणना तर आता दारातच उभी आहे.

मोजायचा दिवसही बघा. पट धरतात 30 सप्टेंबरचा. नाक्यावर काम मिळवायला आलेली कुटुंबं काय ऑगस्टपर्यंत येऊन थांबतात? मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून माणसं दिवाळीनंतरही येतात, आणि कायदा म्हणतो मूल कधीही आलं तरी प्रवेश द्या. आम्ही देतो. पण ते मूल त्या वर्षीच्या संचमान्यतेत नाही. त्यात आधार जुळलं नाही तर ते मूल वर्गात बसून, डबा खाऊन, पाढे म्हणूनही मोजणीत येत नाही. तुर्भे स्टोअरला, दिघ्याच्या झोपडपट्टीत जन्मदाखला नसलेली, नावाच्या स्पेलिंगमध्ये अडकलेली मुलं कमी नाहीत. म्हणजे ज्यांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तीच मुलं सूत्रातून गळतात. नेरुळच्या सोसायटीतल्या मुलाचं आधार कधी अडलं नाही. पण ते आमच्या शाळेत येतच नाही.

हिशेबनीस : आधारचं तुमचं म्हणणं मला पटतं. ती दुरुस्ती व्हायलाच हवी, आणि ती होण्यासारखी आहे. पण त्यासाठी सूत्रच फेकून द्यायचं नसतं. तुम्ही मला दिघा सांगता, मी तुम्हाला गावठाणं सांगतो. महापालिका झाली 1 जानेवारी 1992 ला. जिल्हा परिषदेच्या ताब्यातल्या गावोगावच्या शाळा तिच्याकडे आल्या. सिडकोने शिक्षणसंस्थांना सवलतीने भूखंड दिले होते, तिथे खासगी इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या. गावातल्या आगरी-कोळी घरांनीही आपली मुलं तिकडे नेली. आज एखाद्या जुन्या मराठी शाळेत आठवीला बारा मुलं असतील, तर त्या बारांसाठी भाषेला एक, गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्रांना एक असे तीन शिक्षक ठेवायचे? आणि दोन स्टेशनं पलीकडे एकेका शिक्षकापुढे साठ-साठ पोरं? 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने उच्च प्राथमिकला वीसच्या आत पट असेल तर पद मिळणार नाही असं ठरवलं, तेव्हा शिक्षक संघटना खवळल्या. 5 डिसेंबर 2025 ला शाळा बंद ठेवल्या. पण त्या बारा मुलांचं तरी त्यात भलं आहे का? बारा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, वादविवाद होत नाही. ती मुलं मोठ्या शाळेत गेली तर त्यांना प्रयोगशाळाही मिळेल. गडचिरोलीत किंवा धडगावला मी हे म्हणणार नाही. तिथे मध्ये नदी आहे, डोंगर आहे. इथे मध्ये काय आहे?

बाई : ठाणे-बेलापूर रस्ता आहे. तुम्ही तो एसी गाडीतून ओलांडता म्हणून तुम्हाला तो दिसत नाही. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर लिहिलंय. नकाशावर मोजलं तर नवी मुंबईत सगळंच त्यात बसतं. पण तुर्भे स्टोअरच्या आईला विचारा, कंटेनरच्या रांगेतून मुलीला रोज पलीकडे पाठवशील का? मुलाला पाठवेल. मुलीला घरी ठेवेल, धाकट्याला सांभाळायला. ती शाळा सोडल्याचं कुठे लिहिलंही जाणार नाही, कारण नाव हजेरीपटावर राहतंच. तुमच्या एकत्रीकरणात वाचलेला पगार लगेच दिसतो. ही मुलगी दहा वर्षांनी दिसते, तीही कुणी शोधली तर.

आणि हा काही नवा प्रयोग नाही. 2017 च्या शेवटी सरकारने दहाच्या आत पटाच्या 1,314 जिल्हा परिषद शाळा बंद करायचं ठरवलं होतं, केवढा गदारोळ झाला. 2023 मध्ये वीसच्या आतल्या सुमारे 14,800 शाळांसाठी समूह शाळांची कल्पना आली, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दाखवून. तुम्हाला बाहेरचं हवं असेल तर शिकागो घ्या. तिथल्या बोर्डाने 2013 साली एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या. कारणं तुमचीच : तूट आहे, बाकं रिकामी आहेत, मोठ्या शाळेत मुलांचं भलं होईल. पाच वर्षांनी तिथल्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं तर मुलांच्या अभ्यासाला म्हणावा तसा फायदा झालेला नव्हता. उलट वस्त्यांमध्ये आपलं काहीतरी काढून घेतल्याची भावना राहिली.

हिशेबनीस : शिकागोत बोर्डाने सभा घेऊन, मतदान करून शाळा बंद केल्या ना? मग तुमच्या मंडळाने काय वाचवलं? हात वर करून चुकीचा निर्णय घेतला, एवढंच.

बाई : वाचवलं नाही. पण तिथे आजही लोक बोट दाखवू शकतात, हा निर्णय अमक्यांनी घेतला. आमच्याकडे बोट दाखवायला माणूस नाही. मे 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 ला. मधला पाच वर्षांहून जास्त काळ तर प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच महासभा. करोनात मुलं शाळेबाहेर गेली, परत आली, मागे पडलेली आली. त्या सगळ्या काळात पालिकेच्या शाळांबद्दल प्रश्न विचारायला एक नगरसेवक सभागृहात नव्हता. मंडळ नव्हतं, सभागृह नव्हतं, सूत्र तेवढं होतं.

(दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट आली नाही, ती इथे घालतो. मालमत्ता कराच्या बिलावर राज्य शिक्षण कराची ओळ असते. 1962 च्या कायद्याने हा कर महापालिका गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. तो आपल्या वॉर्डातल्या शाळेवर खर्च होतो अशी अनेक करदात्यांची समजूत असते. नागरिक कराच्या बिलावर तास-तास वाद घालतात, पण या ओळीवर सहसा कुणी थांबत नाही. मला वाटतं, जाब विचारायची सवय इथूनच सुटली.)

हिशेबनीस : ठीक. आता ठोक मानधनावरच्या तात्पुरत्या शिक्षकांचं बोलू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. कायम पद भरायला राज्याची मंजुरी, आरक्षणाची बिंदुनामावली, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, मग न्यायालयात कुणीतरी जातंच. दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर वर्ग रिकामा ठेवायचा की ठोक मानधनावर डी.एड., बी.एड. झालेली मुलगी घ्यायची? मी दुसरं करीन. सीवूड्सची पालिकेची शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं, पालक तिथे प्रवेशासाठी धडपडतात. त्यांना शिक्षकाची नेमणूक कायम आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, तो शिकवतो की नाही याच्याशी आहे. आणि कायम म्हणजे उत्तम, असं तर तुम्हीही म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. मग केवढी धावपळ उडाली! पंचवीस वर्षं शिकवणाऱ्यांना परीक्षेची एवढी भीती का वाटावी?

बाई : पंचवीस वर्षं चौथीला शिकवणाऱ्या बाईला आज तुम्ही बालमानसशास्त्राचे पर्याय टिक करायला बसवता, म्हणून वाटते. पण ते सोडा, तो वेगळा वाद आहे. ठोक मानधनाच्या मुली वाईट शिकवतात असं मी कधीच म्हटलं नाही. काही माझ्यापेक्षा चांगल्या शिकवतात. पण त्या राहत नाहीत. का राहतील? दरवर्षी मुदतवाढीची फाइल कुठे अडकली हे विचारायचं, मे महिन्यात पगार नाही, बाळंतपणाला काय मिळेल ते माहीत नाही. पवित्रमधून निवड झाली, की दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला किंवा नांदेडला. तीही निवड शिक्षण सेवकाचीच, पहिली तीन वर्षं 16,000 रुपयांवर. तरी ती जाते, कारण पुढे कायम होणार. मग वर्गाला नवी बाई. दुसरीच्या मुलाने वर्षात तीन बाई पाहिल्या तर तो काय शिकतो? तो शिकतो की बाई येतात आणि जातात, जीव लावायचा नसतो.

आणि तुमच्या वहीत तिचा पगार कुठे दिसतो? आस्थापना खर्चात दिसत नाही. तो दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातो. म्हणजे 35 टक्क्यांची रेघ पाळली गेली, मंत्रालय खूश. पैसे तर खर्च झालेच ना? मग काटकसर कुठे झाली? तुम्ही पैसा वाचवला नाही, साहेब. तुम्ही तीस वर्षांचं बांधिलकीचं ओझं वाचवलं. मुलाला नेमकी ती बांधिलकीच हवी होती.

हिशेबनीस : हे वाक्य मला लागलं, आणि ते चूक आहे असं म्हणता येत नाही. पण बांधिलकी फुकट नसते. आज तुम्ही शंभर कायम पदं भरलीत आणि दहा वर्षांनी ऐरोलीतली, घणसोलीतली मुलं सगळी खासगीत गेली, तर ते शंभर शिक्षक अतिरिक्त ठरतात. मग त्यांचं समायोजन. मराठी माध्यमाची बाई उर्दूच्या वर्गावर पाठवता येत नाही, हिंदीच्याही नाही. आपल्याकडे चार माध्यमं आहेत. एका माध्यमात माणसं जास्त, दुसऱ्यात कमी, आणि बेरजेत सगळं बरोबर! ही डोकेदुखी मी पाहिली आहे. पोरकी पदं सांभाळणं हा मुलांवर खर्च नसतो.

बाई : मुलं खासगीत जातील हे तुम्ही धरूनच चालता. का जातात? वर्गाला बाई नाही म्हणून जातात. तुम्ही आधी पद रिकामं ठेवता, त्यामुळे पट घसरतो, घसरलेल्या पटावर सूत्र पुढच्या वर्षी पद कमी करतं, आणि मग तुम्ही म्हणता बघा, गरजच नव्हती. याला सूत्र म्हणतात की उतारावर सोडलेली हातगाडी? कायद्याचं कलम 26 सांगतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. चांगलं कलम आहे. पण ते पाळायचे रस्ते दोन. एक, रिक्त पदं भरा. दुसरा, मंजूर पदंच कमी करा, की टक्केवारी आपोआप सुधारते. दुसऱ्या रस्त्याला ना जाहिरात लागते, ना मुलाखत.

हिशेबनीस : मग तुमचं म्हणणं काय? मंडळ परत आणा?

बाई : नावाला मंडळ असलं काय, समिती असली काय, मला फरक पडत नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाआधी एक दिवस असा असावा, की महासभेत शाळावार मंजूर पदं, भरलेली पदं आणि ठोक मानधनाची पदं वाचली जावीत. आणि जे भरायचं नाही त्याचा ठराव व्हावा, नगरसेवकाच्या नावासकट. न भरणं हाही निर्णय मानला जावा.

हिशेबनीस : मानला जावा, मला कबूल. पण त्याची किंमत तुम्ही देणार का? उद्या ते सभागृह तुमची बारा मुलांची आठवी बहुमताने बंद करील. सूत्र निदान सगळीकडे सारखं कापतं. सभागृह जिथे आवाज कमी तिथे कापील. नेरुळचे पालक पत्रं लिहितील, वकील लावतील. तुर्भ्याचे पालक त्या दिवशी रोजंदारीवर असतील. तुमच्या त्या एका दिवशी सभागृहाच्या गॅलरीत कोण बसलेलं असेल, हे मला आत्ताच दिसतंय.

बाई : तीच भीती मलाही आहे. तरी मी आठवी बंद करणाऱ्या सभागृहापुढे उभी राहीन, भांडेन, हरेनही. सूत्रापुढे उभं कुठे राहायचं?

हिशेबनीस : आणि मी त्या सभागृहाच्या हातात तिजोरीची किल्ली द्यायला आजही तयार नाही. 35 टक्क्यांची रेघ वाकडी असेल, पण ती पुसली तर पगाराच्या नावाखाली आणखी कुणाकुणाची भरती होईल, हे तुम्हाला माहीत आहे. शिक्षकांना त्या रेघेच्या बाहेर काढा, एवढंच मागत असाल तर त्यावर बोलू. पण मग आरोग्यवाले म्हणतील आम्हाला काढा, अग्निशमनवाले म्हणतील आम्हाला.

बाई : म्हणू देत. त्यांचंही ऐका. कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर, हे शहराने बसून ठरवावं, एवढंच तर मी म्हणते.

हिशेबनीस : शहर बसत नाही, बाई. शहर लोकल पकडायला धावतं.

वाद इथेच थांबला आणि दोघंही आपापल्या जागी राहिले. वाचकांपैकी ज्यांची मुलं पालिकेच्या शाळेत आहेत, त्यांना बसायला एक जागा कायद्यानेच दिलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडे तीन आकडे लेखी मागा : आपल्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्यातली ठोक मानधनावर किती. उत्तराची प्रत आपल्या नगरसेवकाला नेऊन द्या आणि पोच घ्या.